तीन दिवसांचे निदानपरिवर्जन

गेल्या श्रावणातील एका सायंकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर आमच्या सहधर्मचारिणींनी आम्हांस रुग्णाच्या खुर्चीवर बसविले. त्याही वैद्य असून गेली सतरा वर्षे आम्ही उभयता एकाच चिकित्सालयात, मध्ये एक लाकडी पार्टिशन ठेवून, रुग्ण पाहत आहोत. त्यांनी दंडास पट्टी बांधून रक्तदाब मोजला, नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि काहीही न बोलता एक कोरा केसपेपर पुढे ओढला. रक्तदाब १६८/१०२. वय ४७. व्यवसाय वैद्यकी. हेतूच्या रकान्यात त्यांनी लिहिले : अनियमित भोजन, रात्रिजागरण, वेगधारण, चिंता, रविवारीही ओ.पी.डी. लक्षणे आम्हांस सांगावी लागली नाहीत, ती त्यांना ठाऊक होती. चिकित्सेच्या रकान्यात औषधांच्या खाली शेवटची ओळ होती : निदानपरिवर्जन, ३ दिवस. सोबत वैद्य आवश्यक.

संक्षेपाने सांगावयाचे तर चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हा सुश्रुताचार्यांचा सिद्धान्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत घोकलेला आहे. दुकानदारास रात्रीचे जागरण सोडा म्हणून, शिक्षकास बोलणे कमी करा म्हणून आपण तो दररोज वापरतोही. ‘चार दिवस हवापालट करून या’ हे वाक्य तर आमच्या चिकित्सालयात दिवसातून एकदा तरी उच्चारले जाते. परंतु स्वतःच्या बाबतीत ते कधी लागू केले, याचा हिशेब त्या रात्री आम्ही उभयतांनी मांडला. सतरा वर्षांत चिकित्सालयाबाहेर एकत्र काढलेले दिवस अकरा भरले. पैकी नऊ परिसंवादांचे आणि अधिवेशनांचे होते. (आपल्या संघटनेच्या अधिवेशनांचा त्यात मोठा वाटा आहे, याबद्दल संपादकांनी रागावू नये.)

उरलेले दोन दिवस म्हणजे २०१९ च्या मे महिन्यातील ताडोबाची फसलेली सहल. ती कशी फसली हे सांगणे उपयोगाचे आहे, कारण आमच्या व्यवसायातील बहुतेक सहली अशाच फसत असाव्यात. सोमवारी दुपारपर्यंत रुग्ण तपासून, घाईने दोन कपडे पिशवीत कोंबून आम्ही स्वतः गाडी हाकीत निघालो. वाटेत रात्री नऊ वाजता सावजी रश्श्यावर ताव मारला. मोहर्लीस पोहोचल्यावर कळले, की उद्या मंगळवार आणि मंगळवारी गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. तो मंगळवार आम्ही पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, कुलरसमोर, अम्लपित्ताने जळत काढला. बुधवारी पहाटे एका रुग्णाचा दूरध्वनी आला आणि त्याच निमित्ताने आम्ही परतलो. वाटेत उभयतांत एक शब्दही झाला नाही. त्या सहलीचे खापर आम्ही पुढे अनेक दिवस ऊन, रस्ता आणि ढाबा यांच्यावर फोडले. वस्तुतः अपराध होता तो प्रज्ञेचाच.

या वेळी सौ.नी अट घातली, की जावयाचे तर ताडोबालाच, आणि एखाद्या शोधनकर्माची करावी तशी पूर्वतयारी करून.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९५५. क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि दोहोंचा मिळून आजचा ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. भोवतीचे बफर क्षेत्र पुढे २०१० मध्ये जोडले गेले. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला व त्याचे देवत्व तळ्याकाठी एका झाडाखाली स्थापिले गेले, अशी कथा आहे. ताडोबा हे नाव त्याच्यावरून आलेले आहे. अंधारी ही या वनातून वाहणारी नदी. चंद्रपूर शहर, तेथील कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांपासून इतक्या थोड्या अंतरावर एवढे वन शिल्लक राहिले, याचे प्रत्येक वेळी आश्चर्य वाटते.

प्रथम प्रश्न ऋतूचा. वाघ पाहावयाचा तर एप्रिल-मे उत्तम, असे जो-तो सांगतो, आणि वाघाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पाणवठे आटतात, गवत वाळते, पाने गळतात, आणि वाघ उरलेल्या पाण्याशी येऊन बसतो. परंतु वैद्याने वाघाबरोबर पर्यटकाचाही विचार करावा. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट, मनुष्याचे बल त्या वेळी सर्वांत अल्प. त्यात उघड्या जिप्सीत दुपारी अडीच-तीनपासून सूर्यास्तापर्यंत बसावयाचे. सौ.ची प्रकृती पित्तप्रधान, आमचा रक्तदाब नव्याने उघडकीस आलेला. वर्षा ऋतूचा प्रश्नच नव्हता, कारण जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते. हेमंत सुखाचा खरा, पण त्या दिवसांत सुट्ट्यांची गर्दी असते आणि गवत पुरुषभर उंच असते. शेवटी आम्ही शिशिराचा शेवट निवडला, म्हणजे होळीच्या आधीचा आठवडा. पळस फुललेला असतो, पानगळीने रान मोकळे झालेले असते, दुपार उष्ण असली तरी असह्य नसते. शिवाय वासंतिक वमनाचे रुग्ण त्यानंतर सुरू होतात. ज्यांच्याकडे पंचकर्माचा विभाग आहे त्यांनी हे शेवटचे कारण सर्वांत आधी विचारात घ्यावे.

वार बुधवार ते शुक्रवार ठरविले. मंगळवार टळला आणि शनिवार-रविवारची गर्दी व वाढीव शुल्कही टळले. आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावरून डिसेंबरातच केले. ज्या ओळखपत्रावर आरक्षण असेल तेच मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारी दाखवावे लागते. आम्ही दोन फेऱ्या मोहर्ली प्रवेशद्वारातून गाभा क्षेत्रात घेतल्या आणि एक आगरझरीच्या बफरमध्ये. तीन दिवसांत पाच फेऱ्या सहज बसविता आल्या असत्या. आमचा आग्रह तसाच होता. एवढे पैसे खर्चून जावयाचे आणि खोलीत बसावयाचे, हे आमच्या हिशेबी मनास पटेना. सौ.नी गुरुवारची दुपार मात्र कोरी ठेवली. विचारले तेव्हा, "ती वाघासाठी नाही," एवढेच उत्तर मिळाले.

राहण्यासाठी मोहर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासापासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सर्व प्रकार आहेत. आम्ही गावातील एका कुटुंबाने चालविलेल्या दोन खोल्यांच्या घरी उतरलो. लाभ असा, की स्वयंपाकघरात जाऊन सांगता येते. ज्वारीची भाकर, मुगाचे वरण, कमी तिखटाची भाजी आणि रात्री दही नको, एवढेच आमचे पथ्य होते. पहिल्या दिवशी घरधनीणबाईंना आम्ही आजारी असावेत असे वाटले.

आता शरीराच्या तयारीविषयी, कारण या बाबीचा विचार कोणतीच प्रवासपुस्तिका करीत नाही. जिप्सीची सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होऊन सुमारे चार तास चालते. ठरवून दिलेल्या विश्रांतिस्थळाखेरीज गाडीतून उतरता येत नाही. म्हणजे मूत्रवेगाचे आणि पुरीषवेगाचे धारण आलेच. चरकसंहितेतील ‘नवेगान्धारणीय’ अध्याय आपण विसरलो तरी शरीर विसरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषास, मधुमेह्यास, रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणाऱ्यास हे चार तास फार लांब वाटतात. उपाय म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, आणि परतल्यावर शिरःशूल व मूत्रदाह घेऊन झोपतात. आम्ही पहाटे फेरीच्या दीड तास आधी उठण्याचा नियम केला. उष्णोदक, मलमूत्रविसर्जन, नंतर थोडे खाणे आणि निघताना पुन्हा एकदा मूत्रविसर्जन. मूत्रल गोळी सकाळी घेणाऱ्यांनी फेरीच्या दिवशी तिची वेळ आपल्या चिकित्सकास विचारून ठेवावी, स्वतः ठरवू नये. मधुमेह्यांनी पहाटे औषध घेऊन उपाशीपोटी गाडीत चढू नये. फेरीच्या मध्यात रक्तशर्करा उतरली तर जंगलात दुसरे काही मिळत नाही. साळीच्या लाह्या, खजूर, मनुका असे काही कापडी पिशवीत असावे आणि विश्रांतिस्थळ केव्हा येईल हे गाईडला आधीच विचारून ठेवावे.

दुसरी बाब कटीची. वनातील कच्च्या वाटेवर जिप्सीचा मागील बाक हा वातप्रकोपाचा उत्तम हेतू आहे. गृध्रसीच्या रुग्णांस आणि गर्भिणींस आम्ही ही सहल सांगणार नाही. इतरांनी मधला बाक धरावा आणि आदल्या रात्री कटिपृष्ठास अभ्यंग करावा. फाल्गुनातही पहाटेचा वारा उघड्या गाडीत कानात शिरतो. सौ.नी आमच्या डोक्यास रुमाल बांधून वर कानटोपी चढविली, तेव्हा गाडीतील दोन तरुण पर्यटक हसले. तासाभराने त्यांतील एकाने तो रुमाल मागून घेतला. धुळीसाठी प्रतिमर्श नस्य जाताना आणि येताना. प्रतिमर्शाच्या कालांत प्रवासानंतरचाही काल सांगितला आहे, हे येथे प्रत्ययास येते. औषधांच्या डबीत शंखवटी, सूतशेखर, सितोपलादि, हिंग्वाष्टक, त्रिफळा आणि महानारायण तेल होते. आणि हो, आमची आधुनिक रक्तदाबाची गोळीही होती. ती आम्ही घेत आहोत हे या नियतकालिकात लिहावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

खरे कठीण पूर्वकर्म रुग्णांचे होते. महिनाभर आधी सौ.नी दिनदर्शिकेवर लाल रेघ ओढली. त्या रेघेस ओलांडणारे कोणतेही बस्तिकर्म, कोणतेही स्नेहपान आरंभावयाचे नाही असे ठरले. चिकित्सालय पाहण्यासाठी आमचे एक वर्गमित्र तीन दिवस येण्यास तयार झाले. रेघ सर्वांनी पाळली, आम्ही मात्र मोडली. एका निवृत्त गुरुजींचे विरेचन आधीच्या आठवड्यात व्हावयाचे होते, त्यांना मध्येच ज्वर आला. ज्वर उतरून पुन्हा सर्व सिद्धता होईपर्यंत लाल रेघ जवळ आली होती. शास्त्राच्या दृष्टीने आणि व्यवहाराच्याही दृष्टीने ते कर्म पुढे ढकलणे योग्य होते. परंतु गुरुजींनी दोनदा सुट्टी काढलेल्या मुलाचा दाखला दिला, आमचाही मोह आवरला नाही, आणि सोमवारी विरेचन दिले. शुद्धी उत्तम झाली. बुधवारी आम्ही निघालो तेव्हा गुरुजी संसर्जनक्रमात पेयेवर होते. या प्रकरणी सौ. आमच्याशी दोन दिवस मोजकेच बोलत होत्या.

सेवाग्रामहून रेल्वेने हिंगणघाट, वरोरा, भांदक करीत चंद्रपूर गाठले आणि तेथून भाड्याच्या गाडीने मोहर्ली. स्वतः गाडी हाकण्यापेक्षा हे फार बरे. दोघांचेही हात मोकळे राहतात, आणि वरोरा येईपर्यंत सौ. बोलू लागल्या होत्या.

पहिली फेरी बुधवारी दुपारची, आगरझरीच्या बाजूस. वाघ दिसला नाही. चितळ, वानरे, एक गवा आणि पाणवठ्यावर पसरलेले पक्षी दिसले. गाडीतील इतर मंडळी हिरमुसली, पण आम्हां वैद्यांसाठी तेथे दुसरेच दालन उघडे होते. साग आणि बांबू तर सर्वत्र आहेतच. त्यांच्यामध्ये ऐन, धावडा, बिबला, सालई, तेंदू, मोह, बेहडा, चारोळी, बहावा आणि ओढ्याकाठी अर्जुन. पांढऱ्याशुभ्र खोडाचे निष्पर्ण करू झाड मावळतीच्या प्रकाशात उभे राहिले, की त्याला भुताचे झाड का म्हणतात ते सांगावे लागत नाही. ज्या द्रव्यांची चूर्णे आपण प्लॅस्टिकच्या बरण्यांतून वर्षानुवर्षे काढतो, ती द्रव्ये येथे उंच, जुनी आणि आपल्याविषयी पूर्ण उदासीन अशी उभी असतात.

गुरुवारी पहाटे मोहर्ली प्रवेशद्वारातून गाभा क्षेत्रात गेलो. आमचे गाईड जवळच्याच एका गावचे, तिशीचे तरुण. एके ठिकाणी सांबराचा इशारा ऐकू आला म्हणून गाडी थांबविली. दहा मिनिटे सर्व जण श्वास रोखून बसले होते. त्या शांततेत सौ. हळू आवाजात गाईडला विचारीत होत्या, "समोरचा ऐन ना?" मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ती साल. गाईडने मान डोलावली आणि सांगितले, की उन्हाळ्यात काही ऐनांच्या खोडात पाणी सापडते. तेथून चर्चा असनावर गेली. संहितांतील असन म्हणजे बीजक, म्हणजेच आपला बिबला, हे मत आज बहुमान्य आहे. परंतु उत्तरेकडील काही भागांत ऐनालाच असन म्हणतात, आणि बाजारातून ‘असन’ मागविले तर काय हाती येईल याची खात्री नाही. प्रमेहात आपण जे देतो ते लाकूड कोणते, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडिती राहत नाही. गाईडने थोडे पुढे जाऊन बिबला दाखविला. सालीस पूर्वीच झालेल्या एका जखमेतून रक्तासारखा लाल निर्यास ओघळून वाळला होता. सौ.नी वहीत त्याचे पान, शेंग आणि ती जखम रेखाटली. वनातून काडीही उचलण्याची परवानगी नाही आणि ती नसावीच. परंतु पेन्सिलीस मनाई नव्हती.

"मॅडम, तुमाले एवढे झाडं कसे माहीत?" गाईडने विचारले. सौ. केवळ हसल्या. उत्तर आम्हांस ठाऊक होते, तरी आम्हीही गप्प राहिलो. ते उत्तर पुढे येईल.

औषधींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक जाणतात, असे चरकाचार्यांनी आरंभीच्याच अध्यायात नमूद केले आहे. त्यापुढे ते म्हणतात, की खरा जाणता तो, ज्याला त्यांची योजना कळते. आपण वैद्य या उत्तरार्धाचा अभिमान बाळगतो आणि पूर्वार्ध विसरतो. गाईडच्या मातोश्री मोहफुले वेचतात. "आता महिन्याभऱ्यात मोहा गळन," तो म्हणाला, "मंग माय पहाटेच जाते, वेचाले. मी इकडे लोकायले वाघ दाखवतो, अन् तिकडे तिले दिसू नये म्हनतो." हे तो अगदी सहज बोलला. गाडीतील तरुणांनी कॅमेरा खाली केला. मे २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील सिंदेवाही परिसरात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या होत्या, ती बातमी आम्ही चिकित्सालयात चहा घेताना वाचली होती. आपल्या बरणीतील मधूकपुष्पे, बेहडा, चारोळी, धावड्याचा डिंक यांपैकी किती द्रव्ये अशाच कोणाच्या तरी पहाटेतून आलेली असतात, हे बिलावर लिहिलेले नसते. आम्ही व्यापाऱ्याशी दर वर्षी दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करतो, तेही त्या क्षणी आठवले.

गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी नेण्यास मनाई आहे, म्हणून आमचा निवासावरच ठेवला होता. साडेदहाच्या सुमारास परतून पाहिले, तर वर्गमित्राचे नऊ दूरध्वनी येऊन गेले होते. हातपाय गार पडणे म्हणजे काय, हे आम्ही ग्रंथात पुष्कळदा वाचले होते. गुरुजींनी आदल्या रात्री पुतण्याच्या साखरपुड्यात जिलेबी आणि मठ्ठा घेतला होता. पहाटेपासून परिकर्तिका आणि द्रवमलप्रवृत्ती सुरू झाली, ग्लानी आली, मुलगा घाबरून चिकित्सालयात घेऊन आला. आम्ही तेथल्या तेथे दुपारची गाडी पाहू लागलो. पिशवीही भरावयास घेतली.

सौ.नी प्रथम वर्गमित्राशी बोलणे केले. नाडी कशी, रक्तदाब किती, तृष्णा आहे का, मूत्रप्रवृत्ती झाली का, असे त्या एकेक विचारीत गेल्या. वर्गमित्रांनी सर्व तपासून ठेवले होते. मुस्ता-शुंठीसिद्ध जल चालू केले होते, दोन तासांत वेग थांबले होते, लाजमंड पचला होता, आता पुन्हा पेयेपासून क्रम धरणार होते. सायंकाळपर्यंत चिकित्सालयातच ठेवतो आणि गरज पडली तर रुग्णालयात नेतो, असेही त्यांनी सांगितले. पहिले तीन दूरध्वनी काळजीचे आणि पुढचे सहा आता काळजी नको हे सांगण्यासाठी होते.

"अहो, त्यांना वैद्य समजूनच बोलावलं ना आपण?" सौ. म्हणाल्या. "मग आता तुम्ही जाऊन काय वेगळं देणार आहात?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. देण्यासारखे वेगळे काहीच नव्हते. जावयाचे होते ते गुरुजींसाठी नव्हे, आमच्यावाचून चालले हे सहन होत नव्हते म्हणून. शिवाय चूक मुळात लाल रेघेची होती, आणि ती चार तास आधी घरी पोहोचून पुसली जाणार नव्हती. पिशवी पुन्हा रिकामी केली. तरी दुपारभर दर तासाने आम्ही दूरध्वनी करीत होतो, हे कबूल केले पाहिजे. चौथ्या खेपेस गुरुजींनीच तो घेतला आणि आपण झोपलो होतो असे जरा रागानेच सांगितले.

कोरी ठेवलेली दुपार अशी उजाडली. या ऋतूत दिवास्वप्न वर्ज्य, म्हणून सौ.नी झोपू दिले नाही. ऊन कलल्यावर इरई धरणाच्या पाण्याच्या बाजूस, गावाच्या हद्दीतच, थोडे चाललो आणि एका मोहाखाली बसलो. कन्या गेल्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर गेली, घर कसे लागते, यावर बोललो. सतरा वर्षे एका छताखाली काम करून आपण बोलतो ते पार्टिशनच्या वरून, आणि तेही ‘दशमूलारिष्ट संपलं का’ एवढेच, असे सौ. म्हणाल्या. मग काही वेळाने त्यांनी विचारले, "२००७ आठवतं?"

आठवत होते. त्या वर्षी त्यांना द्रव्यगुणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळत होता. त्याच वर्षी कन्येचा जन्म झाला आणि पुढल्या वर्षी चिकित्सालय उघडावयाचे होते. ‘पुढे पाहू’ असे आम्ही म्हटले होते. "तेव्हा नाही म्हणालात याचा राग नाही," सौ. म्हणाल्या. "परिस्थितीच तशी होती. पण त्यानंतर एकदाही विचारलं नाहीत." सकाळी गाईडने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते हे. रक्तदाबाच्या केसपेपरवर हेतूंची यादी आम्हांस पूर्ण वाटली होती. त्यांच्या केसपेपरवर काय लिहावे लागेल याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही फार काही बोललो नाही. ऐकले मात्र पुष्कळ. सायंकाळी घरधनीणबाईंनी आमच्या पथ्यास न जुमानता भाकरीबरोबर झणझणीत ठेचा वाढला आणि तो आम्ही दोघांनीही खाल्ला.

शुक्रवारची शेवटची फेरी पुन्हा मोहर्लीतून, तेलियाच्या दिशेने. रस्त्याकडेला जुने दगडी खांब उभे आहेत, ते गोंड राजांच्या काळचे असल्याचे सांगतात. धुळीत ताजे पाऊलठसे होते. वानराने खाकरावे तसा आवाज केला, पाठोपाठ चितळ ओरडले, आणि चाळीस-पन्नास पावलांवर बांबूंतून एक वाघीण बाहेर आली. घाई नव्हती, आमच्याकडे पाहणे नव्हते. वाट ओलांडून ती पलीकडच्या बांबूंत गेली. सर्व मिळून आठ-दहा क्षण. तरुणांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही सौ.ना हाताने हलविले, तेव्हा त्यांनी वहीतून मान वर केली. त्या डावीकडच्या धावड्याची साल रेखाटीत होत्या. त्यांना शेपूट तेवढे दिसले.

"शेपूट चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

परतल्यावर सोमवारी त्यांनी पुन्हा आम्हांस रुग्णाच्या खुर्चीवर बसविले. रक्तदाब १३८/८८. तीन दिवसांस याचे श्रेय देऊ पाहत होतो, पण गोळी सहा महिने चालू आहे याची त्यांनी आठवण करून दिली. गुरुजींचा संसर्जनक्रम पूर्ण झाला असून जिलेबीचा विषय ते आमच्यासमोर काढत नाहीत. वर्गमित्रांना आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या तीन दिवसांसाठी आमचे चिकित्सालयीन हात देऊ केले आहेत, त्यांना कोकणात जावयाचे आहे. ‘पुढील तपासणी’ या रकान्यात सौ.नी लिहिले : ऑक्टोबर, गाभा क्षेत्र उघडल्यावर. त्याखाली आम्ही आमच्या अक्षरात एक ओळ वाढविली : रुग्णासोबतच्या वैद्यांनी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अर्ज बरोबर आणावा. त्यांनी ती ओळ वाचली, केसपेपर घडी करून वहीत ठेवला आणि पुढच्या रुग्णास आत बोलाविले.